जुनी माझदा एमएक्स-५ पाळणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडातल्या मराठी मित्रमंडळींत कुणी ना कुणी दर वसंतात विचारतंच, ‘जुनी जपानी स्पोर्ट्स कार घ्यावी म्हणतोय, काय बघू?’ प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा इथे एकदाच लिहून ठेवलं आहे. बहुतेक मजकूर पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ बद्दल आहे, म्हणजे १९८९ ते १९९७ मध्ये बनलेल्या, दिवे बॉनेटमधून वर येणाऱ्या गाडीबद्दल. बाकीच्या गाड्या ओघात येतील.

माझदा म्हणजे ती स्वराज माझदावाली का?

हो, तीच हिरोशिमाची कंपनी. आपल्या पिढीने हे नाव पहिल्यांदा टेम्पोच्या नाहीतर शाळेच्या मिनीबसच्या तोंडावर वाचलं, त्यामुळे हसू येणं साहजिक आहे.

आकडे तर अगदीच साधे दिसतात. मग एवढं कौतुक कसलं?

आकडे खरंच साधे आहेत. १५९८ सीसीचं इंजिन, साधारण ११५ हॉर्सपॉवर, पाच गिअर. शून्यापासून ताशी ६० मैलांवर जायला नऊएक सेकंद लागतात. आजची कुठलीही बरी इलेक्ट्रिक गाडी सिग्नलला हिला सहज मागे टाकेल, आणि टाकू द्यावं.

गंमत वजनात आहे. गाडी साधारण ९५० किलोंची, म्हणजे आपल्या स्विफ्टच्या आसपास. फरक एवढाच की इंजिन पुढे असूनही बरंच मागे सरकवून बसवलंय आणि ताकद मागच्या चाकांना जाते, त्यामुळे पुढच्या-मागच्या चाकांवर भार जवळपास सारखा पडतो. चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन आहे, म्हणजे प्रत्येक चाक वर-खाली दोन भुजांनी धरलेलं. गिअरबॉक्स आणि मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा डिफरन्शियल एका लांब अॅल्युमिनियमच्या चौकटीने एकमेकांना घट्ट बांधलेत, त्यामुळे अॅक्सिलरेटर दाबला की मधे कुठे हेलकावा बसत नाही, पाय आणि चाक यांच्यात सैलपणा उरत नाही. गिअरचा दांडा मनगटाच्या हालचालीवर पडतो. आताच्या तीन-चारशे हॉर्सपॉवरच्या गाडीत मजा यायला लागेपर्यंत लायसन्स जायची वेळ येते. हिच्यात कॉट्सवोल्ड्सच्या गल्लीबोळातून ताशी ४० मैलांनी जातानाही गाडी काय करतेय ते हातांना कळतं.

मुळात हा ब्रिटिश पदार्थ जपान्यांनी केलेला आहे. बॉब हॉल नावाच्या अमेरिकन मोटार पत्रकाराने १९७९ मध्ये माझदाच्या केनिची यामामोटो यांना सुचवलं की एमजी आणि लोटसच्या धर्तीची साधी, हलकी, उघडी गाडी आता कुणीच करत नाही, तुम्ही करा. हॉल पुढे माझदाच्याच अमेरिकेतल्या कचेरीत लागला. तोशिहिको हिराई यांच्या हाताखाली गाडी आकाराला आली आणि १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात लोकांपुढे आली. ब्रिटिश गाड्यांसारखं तेल गळणं, पावसात वीज जाणं वगळून बाकी सगळी मजा ठेवली, हे तिचं खरं यश. पहिल्या पिढीच्या चार लाखांहून अधिक गाड्या बनल्या, आणि ही संख्या तुमच्या-माझ्या फार कामाची आहे. का, ते पार्टच्या प्रश्नात येईल.

घ्यायचीच तर टोयोटा सुप्रा, निसान स्कायलाइन किंवा माझदाचीच आरएक्स-७ का नको?

पोस्टर लावायचं तर जरूर लावा.

त्या गाड्यांचे भाव आता चाहत्यांच्या हातातून निसटून गुंतवणूक करणाऱ्यांकडे गेलेत. शिवाय प्रत्येकीचं दुखणं वेगळं. नव्वदीतली आरएक्स-७ दिसायला मला वाटतं जपानने केलेली सगळ्यात देखणी गाडी. पण तिच्या रोटरी इंजिनात पिस्टनच नाहीत. त्रिकोणी रोटरच्या टोकांवरच्या सीलपट्ट्या झिजल्या की इंजिन उघडणं आलं. दोन टर्बो एकामागून एक चालू करायला बॉनेटखाली व्हॅक्यूमच्या रबरी नळ्यांचं जंजाळ आहे, आणि तीस वर्षांच्या उष्णतेने त्या नळ्या कडक होऊन तडकतात. तिची कॉम्प्रेशन टेस्ट साध्या गेजने होत नाही, रोटरीचं खास यंत्र लागतं. जवळपास ते यंत्र असलेला माणूस नसेल तर ती गाडी तुमची नव्हे.

सुप्राचं आणि स्कायलाइन जीटी-आरचं इंजिन दणकट. पण बाजारातल्या बहुतेक गाड्यांची ताकद कुणीतरी वाढवलेली असते, कुणी आणि कशी ते कागदावर नसतं. शिवाय रात्री रस्त्यावर लावायची हिंमत होणार नाही.

होंडा एस२००० हा खरा मोह. ९००० आरपीएमपर्यंत जाणारं इंजिन. परवडत असेल तर मी आड येणार नाही.

घेताना सगळ्यात आधी काय बघायचं?

पत्रा. मग पुन्हा पत्रा. इंजिन नंतर.

दाराखालून जो लांब पोकळ पत्रा जातो, ज्याला इथे सिल म्हणतात, त्याचा मागच्या चाकाजवळचा शेवटचा फूटभर भाग ही हिची दुखरी जागा. कारण वरून सुरू होतं. टपावरचं पावसाचं पाणी मागच्या पन्हाळीत जमतं आणि सीटमागच्या दोन निचऱ्याच्या नळ्यांतून खाली उतरतं. त्या नळ्यांत झाडाचा पाला, धूळ अडकली की पाणी तुंबतं, आतल्या आत सिलमध्ये शिरतं आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतं. बाहेरून रस्त्यावरचं हिवाळी मीठ, आतून हे पाणी. रंगाला फुगवटा दिसेपर्यंत आतला पत्रा बिस्किटासारखा झालेला असतो.

म्हणून बघायला जाताना एक छोटी बाटली पाणी न्या. विक्रेत्याची परवानगी घेऊन दोन्ही नळ्यांत थोडं थोडं ओता. मागच्या चाकाच्या पुढे जमिनीवर लगेच पडलं तर मालकाने गाडी जपलीय. नाही पडलं तर गाडी तिथेच नाकारायची असं नाही, पण घासाघीस कुठून सुरू करायची ते कळलं.

सिल बोटांनी दाबा, खालच्या कडेवरून हात फिरवा. कारखान्यातल्या सिलला खालच्या अंगाला जी कड असते ती दोन्ही बाजूंना सारखी हवी. एका बाजूला गुळगुळीत आणि ताजा काळा डांबरी लेप दिसला तर सावध व्हा. सडक्या पत्र्यावर नवा पत्रा नुसता झाकणासारखा वेल्ड करून वर लेप फासणं ही इथली जुनी युक्ती आहे. एमओटीला, म्हणजे इथल्या दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीत, सीटबेल्ट किंवा सस्पेन्शनच्या जोडणीपासून ३० सेंटिमीटरच्या आत गंजाने पत्रा कमजोर झालेला असेल तर गाडी नापास होते, आणि ही जागा नेमकी त्या टापूत येते. सडका भाग कापून आत-बाहेर नवा पत्रा घालायला एका बाजूचे बरेच शे पौंड जातात. तेवढ्यात इंजिनचं बहुतेक काम होऊन जाईल.

गाडीचा नंबर टाकून सरकारी संकेतस्थळावर २००५ पासूनचा एमओटीचा इतिहास फुकट बघता येतो. बघायला जाण्याआधी तो वाचा. ‘सिलला गंज’ असा शेरा एका वर्षी आला आणि पुढच्या वर्षी दुरुस्तीची पावती नसतानाच गायब झाला, तर प्रश्न विचारायचा.

जाता जाता: १९९८ नंतरची दुसरी पिढी स्वस्त मिळते म्हणून तिकडे वळाल, तर तिथे सिलबरोबर पुढच्या बाजूचे, इंजिनखालचे चॅसिसचे पोकळ दांडेही तपासा. ते आतून सडतात आणि दुरुस्ती आणखी अवघड असते.

इंजिन तीस-पस्तीस वर्षं जुनं. किती भरवसा ठेवायचा?

पुष्कळ. ओतीव लोखंडी ब्लॉकचं इंजिन आहे, तेल-पाणी वेळेवर मिळालं तर दीड-दोन लाख मैल तक्रार करत नाही. टायमिंग बेल्ट ६०,००० मैलांनी बदलायचा. तो रस्त्यात तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत, गाडी फक्त बंद पडते. ही सोय फार कमी इंजिनांत आहे. तरी पावती नसेल तर घेतल्या घेतल्या बेल्ट आणि पाण्याचा पंप एकदमच बदलून टाका.

अपवाद एकच, पण मोठा. १९९१ च्या सुमारापर्यंतच्या १.६ इंजिनांत क्रँकशाफ्टचं पुढचं टोक आखूड आहे. बेल्ट बदलताना कुणी पुलीचा बोल्ट योग्य ताकदीने आवळला नसेल तर आतली चावी (पुलीला शाफ्टवर घट्ट धरणारा छोटा धातूचा तुकडा) आणि तिची खाच झिजत जाते, पुली डगमगायला लागते, टायमिंग सरकतं आणि गाडीचा दम जातो. ओळखायची खूण सोपी आहे: पुढच्या पुलीत चार खाचा दिसल्या तर आखूड टोक, आठ दिसल्या तर नंतरचं सुधारलेलं. इंजिन चालू ठेवून पुलीकडे बघा. ती लडबडताना दिसली तर घरी जा. आखूड टोकाच्या हजारो गाड्या आजही ठणठणीत धावताहेत, तेव्हा नुसत्या चार खाचा बघून घाबरू नका.

गार इंजिनातून टिक-टिक आवाज येतो तो हायड्रॉलिक टॅपेटचा. ताजं तेल, थोडं लांबचं ड्रायव्हिंग, बहुतेक वेळा आवाज जातो. नाही गेला तरी काही बिघडत नाही, रेडिओ लावा.

इंजिनच्या मागच्या अंगाने तेल ओघळून गिअरबॉक्सवर आलेलं दिसलं की गॅरेजवाला ‘क्रँकचं मागचं सील गेलं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल’ म्हणतो. हो म्हणण्याआधी वर बघायला सांगा. इंजिनच्या वरच्या भागाच्या, म्हणजे सिलिंडर हेडच्या, मागे कॅम अँगल सेन्सर असतो, त्याची रबरी रिंग कडक होऊन तिथून तेल झिरपतं आणि खालपर्यंत पोचतं. रिंग दोन-चार पौंडांची.

मग नेहमी बिघडतं तरी काय?

रबर आणि प्लॅस्टिक. धातू थकलेला नसतो, त्याला जोडणारं सगळं थकलेलं असतं. क्लचचा खालचा छोटा सिलिंडर गळतो आणि एके सकाळी पहिला गिअर पडत नाही. रेडिएटरची वरची प्लॅस्टिकची टाकी काळ्याची तपकिरी झाली की समजायचं, आता तडकेल. वाट न बघता बदला, कारण ती हमखास मोटरवेवर जाते. हीटरच्या नळ्या इंजिनमागे लपल्यात, रेडिएटर बदलताना त्याही बदला. गिअरच्या दांड्याखालचं रबरी बूट फाटलं की पायाशी गरम वारा येतो. मागच्या ब्रेकच्या कॅलिपरच्या सरकत्या पिना अडकतात. सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबरी बुश गेलेले असतात, आणि चाकांचं अलाइनमेंट ज्या बोल्टनी करायचं तेच गंजून बुशमध्ये अडकून बसतात. अलाइनमेंटवाल्याने ‘होत नाही’ म्हणून परत पाठवलं तर कारण हे.

बॅटरी डिक्कीत असते, आणि मूळची सील केलेली, वायू बाहेर सोडायच्या नळीची. कुणी साधी बॅटरी टाकली असेल तर आम्लाच्या वाफेने खालचा पत्रा खाल्लेला असतो. चटई उचलून बघा.

युनोस म्हणजे वेगळी गाडी का? घ्यावी का?

गाडी तीच, जपानात विकलेली. माझदाने तिथे युनोस नावाची वेगळी दुकानं काढली होती. जपानात दर दोन वर्षांची महागडी तपासणी आणि तेरा वर्षांवरच्या गाडीला जादा कर, त्यामुळे चांगल्या गाड्या तिथून लवकर निघतात; आणि तिथेही उजव्या हाताचं स्टिअरिंग, म्हणून ब्रिटनमध्ये भरपूर आल्या. चॅसिस नंबर ‘एनए६सीई’ किंवा ‘एनए८सी’ ने सुरू होतो. मागच्या नंबरप्लेटची खाच आखूड असते आणि मागचा धुक्याचा दिवा बंपरखाली नंतर लटकवलेला.

एसी, पॉवर विंडो बऱ्याच गाड्यांत असतात. जपानच्या बऱ्याच भागात रस्त्यावर मीठ पडत नाही, म्हणून नुकती आणलेली गाडी पत्र्याने बरी निघते. पण वीस-पंचवीस वर्षांपूर्वी इथे आलेली युनोस आता इथलीच झाली. तिला इथल्या गाड्यांसारखा गंजरोधक लेप मुळात नव्हता, त्यामुळे काही वेळा ती जास्तच सडलेली असते. नाव बघू नका, सिल बघा.

१.६ की १.८?

मला १.६ आवडतं, जास्त चपळ फिरतं. १.८ आलं १९९४ च्या मॉडेलपासून. त्याला खालच्या आरपीएमला ओढ जास्त आणि ब्रेक मोठे. फक्त १९९५ नंतरची ब्रिटिश १.६ टाळा. ती स्वस्तात विकता यावी म्हणून ९० हॉर्सपॉवरवर उतरवलेली होती.

टप गळतो का? काच बदलता येते का?

फाटका नसेल आणि नीट बसला असेल तर नाही गळत. मागची खिडकी काचेची नाही, प्लॅस्टिकची आहे. टप खाली घेण्याआधी तिची झिप उघडून ती सपाट पाडायची. थंडीत टप खाली घ्यायचाच नाही, प्लॅस्टिक मोडतं. नव्या टपात काचेची खिडकी बसवून मिळते, ती घ्या. कारखान्याचा हार्डटॉप गाडीबरोबर मिळत असेल तर सोडू नका. त्याला एकट्यालाच चांगला भाव येतो. ठेवायला मात्र गॅरेजात भिंतीवर जागा करावी लागेल, आणि घरच्यांना ते आधी सांगितलेलं बरं.

पार्ट मिळतात का?

जुन्या जपानी गाडीचा खरा घोर हाच असतो, आणि इथेच ही गाडी बाकीच्यांपेक्षा वेगळी पडते. लाखो बनल्या, अमेरिकेत तर तिच्या शर्यतींचा एक अख्खा वर्गच आहे. त्यामुळे बुशपासून सिलच्या पत्र्यापर्यंत सगळं नवं बनवून विकणारे लोक आहेत. माझदाने स्वतः २०१७ मध्ये जपानात पहिल्या पिढीच्या गाड्या पूर्ववत करून देण्याची योजना जाहीर केली आणि त्यासाठी टप, लाकडी स्टिअरिंग, इतकंच काय ब्रिजस्टोनकडून मूळ मापाचे टायरही पुन्हा बनवून घेतले. निसान आणि टोयोटानेही जुन्या स्कायलाइन जीटी-आर आणि सुप्रासाठी पार्ट पुन्हा काढायला सुरुवात केली आहे, पण यादी निवडक आणि किमती त्या गाड्यांना शोभतील अशा.

टायर कुठले?

मूळ माप १८५/६०, १४ इंची. चारही सारखे आणि नव्या तारखेचे. बाजूवरच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष असतं. वर्षाला हजार-दोन हजार मैल चालणाऱ्या गाडीची नक्षी शाबूत असते आणि रबर लाकूड झालेलं. ओल्या रस्त्यावर गोल चक्करमध्ये मागची बाजू पुढे यायला बघते ती बहुतेक याच कारणाने.

सुरक्षित आहे का?

आजच्या मापाने नाही. स्थिरता सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक्स नाही, बऱ्याच गाड्यांत एबीएस नाही, इथल्या सुरुवातीच्या गाड्यांत एअरबॅगही नाही. लहान मुलांना घेऊन फिरायची ही गाडी नव्हे. यावर मी कुणाला समजावत बसत नाही. ज्याला हे पटत नाही त्याने घेऊ नये.

लंडनमध्ये रोज वापरली तर?

यूलेझच्या, म्हणजे लंडनच्या कमी-प्रदूषण क्षेत्राच्या, हद्दीत दिवसाला १२.५० पौंड, कारण पेट्रोल गाडी युरो ४ या प्रदूषणाच्या मानकात बसावी लागते आणि ही त्याच्या बरीच आधीची. हद्द आता सगळ्या ग्रेटर लंडनभर आहे, म्हणजे हॅरो, हाउन्सलोही आलं. स्लाव सुटलं. ४० वर्षं झाली की गाडी ‘ऐतिहासिक’ ठरते आणि रोड टॅक्स, यूलेझ दोन्ही माफ होतं. १९९० ची गाडी तिथे २०३१ च्या एप्रिलमध्ये पोचेल.

लंडनबाहेर राहत असाल तर रोज वापरता येईल, पण मिठाच्या महिन्यांत नको. नोव्हेंबर ते मार्च झाकून ठेवा, बॅटरीला छोटा चार्जर लावा, टप वरच ठेवा. बाहेर काढलीच तर खालून गोड्या पाण्याने धुवा. आणि हीथ्रोवर आई-बाबांना आणायला हिला नेऊ नका. दोन सीट आहेत आणि डिक्कीत एक मोठी बॅगसुद्धा धड मावत नाही. लोणच्याच्या बरण्या कुठे ठेवणार?

वर्षाला खर्च किती धरायचा?

चांगली गाडी घेतलीत तर विमा सोडून काही शे पौंड, आणि दर तीन-चार वर्षांनी एखादा मोठा फटका. विमा क्लासिक गाड्यांचा घ्या: मैलांची मर्यादा असते, पण हप्ता कमी आणि गाडीची किंमत आधीच ठरवून लिहून घेता येते. तसं लिहून घेतलं नसेल तर किरकोळ टक्कर झाली तरी कंपनी जुनी गाडी म्हणून भंगारात काढते.

स्वस्त गाडी घेऊन हळूहळू नीट करू, हा हिशेब इथे जमत नाही. सडलेली गाडी घेऊन तिला चांगलं करायला, तयार चांगल्या गाडीपेक्षा जास्त पैसे लागतात.

टर्बो बसवू का?

तुमची मर्जी. १.६ चा मागचा डिफरन्शियल ती ताकद फार दिवस सोसणार नाही, एवढं धरून चला. पैसे खाजवत असतील तर आधी बुश, शॉक अॅब्जॉर्बर आणि अलाइनमेंट करा. बऱ्याच जणांची टर्बोची हौस तिथेच फिटते.

पुण्याला परत जाताना गाडी नेता येईल का?

नाही. भारतात वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांहून जुनी चालत नाही. उजव्या हाताचं स्टिअरिंग आणि मुंबई बंदर यांसारख्या बाकीच्या अटी आपण पुऱ्या करू, ही पहिली नाही करता येणार. पन्नास वर्षांवरच्या विंटेज गाड्यांना वेगळी सवलत आहे, पण सगळ्यात जुनी एमएक्स-५ सुद्धा त्या वयाला २०३९ मध्ये पोचेल. माझदाने ही गाडी भारतात कधी अधिकृतपणे विकलेली नाही, त्यामुळे तिथे तयार मिळण्याची आशाही धरू नका. जायचं ठरलं की इथेच विका, एप्रिलमध्ये. पहिलं ऊन पडलं की ग्राहक स्वतःहून फोन करतात, नोव्हेंबरात कुणी विचारत नाही. पावत्यांची फाइल नीट लावून ठेवलेली असेल तर घासाघीसही कमी होते.